नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

“माझे वय ४६. एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत लिपिक आहे. पुण्याला शिकणारी माझी मुलगी दिवाळीच्या सुटीत माया अँजेलो या लेखिकेचे ‘आय नो व्हाय द केज्ड बर्ड सिंग्ज’ हे आत्मचरित्र घरी विसरून गेली. माझे इंग्रजी बेताचे आहे. तरी सकाळी कामवाल्या मावशी येऊन गेल्या की मिळणाऱ्या पाऊण तासात, शब्दांचे अर्थ समासात पेन्सिलीने लिहीत, रोज तीन-चार पाने याप्रमाणे मी ते तीन महिन्यांत संपवले. लहान मुलीवरच्या अत्याचाराचे प्रकरण मात्र मी भराभर उलटले, हे कबूल करते. त्यात एक प्रसंग आहे. गोरी मालकीण कामाला आलेल्या काळ्या मुलीचे नाव लांब वाटते म्हणून परस्पर बदलून टाकते. तो वाचताना मला रडू आवरेना. तेवीस वर्षांपूर्वी माझ्या लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले. मला कुणी विचारले नव्हते. आई गेल्यापासून जुन्या नावाने हाक मारणारे कुणी उरलेले नाही. यजमानांना हे सांगितले तर ते हसले. ‘कुठली ती निग्रो बाई आणि कुठली तू,’ म्हणाले. आमच्या भिशीत आम्ही पुस्तकांविषयीही बोलतो. तिथे एक मैत्रीण, जिचे मत मी मानते, मला म्हणाली, ‘त्या लोकांनी गुलामगिरी भोगली. तू वरच्या जातीची, खाऊनपिऊन सुखी घरातली. त्यांच्या दुःखाला आपले दुःख चिकटवू नये.’ तेव्हापासून अपराधी वाटते आहे. त्या पुस्तकाशी जडलेले माझे नाते खोटे आहे का? स्वतःचे काही लिहावे असेही वाटते, पण कुठून सुरुवात करू? आणि या वयात जुने नाव परत घेतले तर हसे होईल का? कृपया माझे जुने-नवे कोणतेही नाव छापू नये.”

सप्रेम नमस्कार.

तुमची दोन्ही नावे माझ्यासमोर आहेत. पण ती न छापण्याची विनंती असल्याने या संपूर्ण उत्तरात मला तुम्हाला नुसते ‘तुम्ही’ म्हणावे लागणार आहे. नाव हरवल्याची तक्रार सांगणाऱ्या पत्राला बिननावाचे उत्तर जावे हे विचित्र खरे, पण इलाज नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या पुस्तकातच, अगदी सुरुवातीला येऊन गेलेले आहे. त्या वेळी तुम्ही शब्दकोशाशी झगडत असाल, म्हणून ते निसटले असावे. आर्कान्सा राज्यातील स्टॅम्प्स या लहानशा गावी आजीच्या दुकानात वाढणारी मार्गरीट, म्हणजे पुढच्या माया अँजेलो, शेक्सपिअर वाचते आणि त्याच्या प्रेमात पडते. दैव आणि लोकांची नजर या दोन्हींतून उतरलेल्या माणसाविषयी त्याने एका सुनीतात लिहिले आहे, आणि ही तर आपलीच अवस्था आहे असे त्या काळ्या मुलीला वाटते. शेक्सपिअर गोरा आहे याची तिला बोचणी लागते. मग ती स्वतःची समजूत घालते की त्याला मरून इतका काळ लोटला आहे, की आता त्याच्या गोरेपणाचे कुणाला काही वाटायचे कारण नाही. पुढे ती आणि तिचा भाऊ बेली शेक्सपिअरच्या नाटकातला एक प्रवेश पाठ करायचे ठरवतात. पण हा लेखक कोण, असे आजी विचारणार आणि मग सगळेच उघडे पडणार, या भीतीने ते तो बेत सोडतात आणि जेम्स वेल्डन जॉन्सन या काळ्या कवीची कविता निवडतात. म्हणजे तुम्हाला आज जो अपराधीपणा वाटतो आहे तो या मुलीलाही उलट्या बाजूने वाटला होता, आणि तो वाटत असतानाच तिने शेक्सपिअर सोडला नाही. जिने स्वतः वंशाची रेघ ओलांडून असे नाते जोडले, तिच्या पुस्तकाशी तुम्ही जोडलेले नाते परके असल्याच्या कारणाने खोटे ठरवण्याचा अधिकार मला तरी कुणाला द्यावासा वाटत नाही. यजमानांच्या हसण्याचे उत्तर इतकेच आहे आणि त्यांच्यासाठी याहून जास्त शाई मी खर्च करणार नाही. ‘निग्रो’ हा शब्द मात्र त्यांनी आता सोडावा. जुन्या मराठी पुस्तकांत तो सर्रास आढळतो, पण ज्यांच्याविषयी तो वापरला जाई त्यांनीच तो केव्हाच टाकून दिला आहे, आणि ज्याचे नाव त्यानेच ठरवावे हा तर तुमच्या पत्राचाच विषय आहे.

मैत्रिणीचे म्हणणे मात्र इतक्या सहज बाजूला सारता येणार नाही. नाते जोडू नये हा तिचा निष्कर्ष मला मान्य नाही, पण तिने ज्या ठिकाणी बोट ठेवले आहे ते ठिकाण दुखरे आहे, आणि ते दुखरे आहे म्हणूनच तुम्हाला अपराधी वाटले.

ज्या प्रसंगापाशी तुम्ही रडलात तो पुन्हा सावकाश वाचा, कारण रडताना आपण बहुधा एकाच पात्राकडे पाहत असतो. मार्गरीट तेव्हा दहा वर्षांची आहे आणि श्रीमती कलिनन या गोऱ्या बाईंच्या घरी ती कामाला जाते. तिथे मिस ग्लोरी नावाची काळी स्वयंपाकीण वीस वर्षे राबते आहे. कोणत्या पेल्यात काय द्यायचे, कोणता चमचा कशासाठी, हे सगळे तीच या पोरीला शिकवते. कलिनन बाईंना मूल होऊ शकत नाही हे कळल्यावर मार्गरीटला त्यांची कीव येते. मग एके दिवशी व्हरांड्यात बसलेली बाईंची एक मैत्रीण म्हणते की एवढे लांब नाव कोण घेत बसणार, मी असते तर हिला मेरी म्हटले असते. तरीही त्या संध्याकाळी मार्गरीट बाईंच्या एकाकीपणावर एक करुण कवन रचायचे ठरवते, आणि दुसऱ्याच दिवशी बाई तशीच हाक मारतात. ग्लोरी त्यांना अडवून खरे नाव सांगू पाहते, पण ते फार लांब आहे, आजपासून ही मेरी, असा हुकूम सुटतो. त्यानंतर ग्लोरी मुलीला जे सांगते ते मला या प्रकरणातले सर्वांत भेदक वाटते. आईने तिचे नाव हॅलेलूया ठेवले होते, मालकिणीने तिला ग्लोरी केले आणि तेच चिकटले. आणि वर ती म्हणते, मलाही तेच जास्त आवडते.

‘मलाही तेच आवडते’ हे वाक्य आपल्या घरांतून किती वेळा ऐकू येते याचा विचार करा. मनकर्णिका गोखले लग्नानंतर लक्ष्मीबाई टिळक झाल्या आणि त्याच नावाने त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. कल्याणची यमुना जोशी आनंदीबाई झाली आणि ते नाव घेऊन १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाली. बदललेल्या नावानेही माणूस मोठा होऊ शकतो, यात शंका नाही. तरीही नवऱ्याचे नाव उखाण्यात गुंफून घ्यायला ज्या बाईला हौसेने उभे केले जाते, तिला त्याच मांडवात तिचे स्वतःचे नाव काय असावे हे विचारले जात नाही, ही गोष्ट तुम्हाला तेवीस वर्षांनी आणि तीही आर्कान्सातल्या एका स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या मुलीमुळे उमगली. हा धागा खरा आहे. तो तोडू नका.

पण मार्गरीट आणि तुम्ही एका ताटातल्या नव्हेत, हेही तितकेच खरे आहे. तुमचे नाव बदलले ते अक्षतांमध्ये, ज्या घरात तुम्ही पुढे सून, वहिनी, आई म्हणून मान मिळवणार होता त्या घरासाठी. तिचे नाव बदलले ते भांडी विसळायला ठेवलेल्या नोकराचे. अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण त्याआधी अनेक पिढ्या मालक गुलामांना आपल्या मर्जीने नावे देत आले होते. म्हणूनच मुक्त झाल्यावर अनेकांनी पहिली गोष्ट केली ती स्वतःसाठी नाव निवडण्याची. त्या प्रकरणात अँजेलो स्वतःच सांगतात की त्यांच्या ओळखीच्या प्रत्येक काळ्या माणसाला भलत्या नावाने हाक मारली जाण्याची विलक्षण धास्ती असे, कारण शतकानुशतके त्यांना नावाऐवजी शिव्यांनीच पुकारले गेले होते. याच पुस्तकात आणखी एक लहानसा प्रसंग आहे. एका खटल्यात साक्षीसाठी ‘मिसेस हेंडरसन’ यांना बोलावण्याचा आदेश न्यायाधीश देतात, कारण दुकानाची मालकीण म्हणजे गोरीच असणार असे त्यांनी गृहीत धरलेले असते. मार्गरीटची आजी येऊन उभी राहते, तेव्हा न्यायालयातील गोरे लोक हसतात, कारण काळ्या बाईच्या नावामागे ‘मिसेस’ लावणे ही न्यायाधीशांची फजितीच होती. काळ्या वस्तीने मात्र तो मान म्हणून जपला.

आदरार्थी संबोधनाचा हा हिशेब मराठी माणसाला समजावून सांगावा लागू नये. आपल्या गावांमध्ये वरच्या जातीतली शेंबडी पोरे महारवाड्यातल्या पांढऱ्या केसांच्या माणसाला ‘अरे’ म्हणत आणि त्या माणसाने उलट त्या पोराला ‘अहो’ म्हणायचे असे, आणि त्या काळाला फार वर्षे लोटलेली नाहीत. तुमच्या किंवा माझ्या आजोळी हे घडत नव्हते असे छातीठोकपणे आपल्यापैकी किती जणी सांगू शकतील? मैत्रिणीने तुमच्या जातीचा उल्लेख केला तो तुम्हाला खुपला, परंतु तिचे वाक्य थोडे वळवून वाचले तर ते उपयोगी पडेल. दुःख चिकटवू नकोस, असे न ऐकता, या प्रसंगात तू नेमकी कुठे उभी आहेस ते नीट पाहा, असे ऐका. लग्नाच्या मांडवात तुम्ही मार्गरीट होता. पण रोज सकाळी तुमच्या घरी जे स्वयंपाकघर चालते त्यात तुम्ही कोण आहात?

हे मी सहज विचारत नाही. तुमच्या पत्रात नावांविषयी इतके लिहिलेले आहे, पण ज्या बाई येऊन गेल्यावर तुमच्या वाचनाचा पाऊण तास सुरू होतो त्या केवळ ‘कामवाल्या मावशी’ आहेत. ‘मावशी’ हा जिव्हाळ्याचा शब्द आहे आणि तुम्ही तो जिव्हाळ्यानेच वापरत असाल याबद्दल मला शंका नाही. त्यांचे नाव तुम्हाला ठाऊक असेलही. मात्र त्यांना स्वतःला काय म्हणवून घ्यायला आवडते हे कधी विचारले आहे का, आणि त्यांचेही नाव लग्नात बदलले होते का, हे ठाऊक आहे का? हॅलेलूयाची ग्लोरी झाली तेव्हा तिथेही कुणी आरडाओरडा केला नव्हता. सगळे सुरळीतच चालले होते.

आता त्या नात्याच्या वयाबद्दल थोडेसे, कारण तुमच्या मैत्रिणीला हे नाते आज कुणी तरी नव्यानेच जोडू पाहत आहे असे वाटत असावे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा ती अमेरिकेतील ज्या लोकांनी काळ्यांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली त्यांना अर्पण केली, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना दास्यमुक्त करताना त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली. म्हणजे मराठीत हे नाते दीडशे वर्षांचे आहे, आणि ते पहिल्या दिवसापासून वरच्या जातींना विचारलेल्या प्रश्नाच्या रूपात आलेले आहे. तुम्हाला वाटलेला अपराधीपणा हा त्या प्रश्नाचा उशिरा पोहोचलेला आवाज समजा. त्याला घाबरून पुस्तक मिटून ठेवण्याचे काही कारण नाही.

जे प्रकरण तुम्ही भराभर उलटले त्याविषयी मी जपून लिहिते. ते का उलटले हे तुम्ही सांगितलेले नाही आणि मी विचारणार नाही. त्याला स्वतःच्या आयुष्यातले काही कारण असेल तर ते एकटीने वाचण्याची घाई करू नका. आधी विश्वासातल्या कुणाशी किंवा समुपदेशकाशी बोला, पुस्तक कुठे पळून जात नाही. कारण केवळ संकोचाचे असेल, तर मात्र ते वाचले पाहिजे असे माझे मत आहे, कारण त्यावाचून पुढचे मौन समजत नाही. आईच्या मित्राने साडेसात-आठ वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला. न्यायालयात घाबरून तिने एका प्रश्नाला खोटे उत्तर दिले. शिक्षा होऊनही तो माणूस लगेच सुटला आणि थोड्याच वेळात कुणी तरी त्याला ठार मारले. आपण तोंड उघडले म्हणून एक माणूस मेला, अशी त्या मुलीची समजूत झाली आणि भाऊ सोडून तिने सर्वांशी बोलणे टाकले. पुढे मुलाखतींमध्ये अँजेलो हा काळ सुमारे पाच वर्षांचा सांगत. मोठ्यांना तो हट्टीपणा वाटला. पुस्तकाचे नाव ज्या कवितेतून आले, ती पॉल लॉरेन्स डनबर यांची, १८९९ ची. गुलामगिरीत जन्मलेल्या आईवडिलांच्या त्या मुलाने लिहिलेल्या कवितेतला पिंजऱ्यातला पक्षी आनंदाने गात नाही. पंख गजांवर आपटून रक्तबंबाळ झालेला असतो आणि त्याचे गाणे म्हणजे प्रार्थना असते. ‘प्रेरणादायी’ हा शब्द तुम्ही पत्रात एकदाही वापरला नाही याचा मला म्हणूनच विशेष आनंद झाला. आपल्याकडे तो शब्द लावला की पुस्तक वाचण्याची गरजच उरत नाही.

या मुलीला बोलते केले ते बर्था फ्लॉवर्स या बाईंनी, आणि त्यांनी वापरलेला उपाय तुमच्या खूप उपयोगाचा आहे. त्यांनी तिला घरी बोलावले, खास तिच्यासाठी भाजलेली बिस्किटे आणि गार लिंबूपाणी दिले, आणि सांगितले की कागदावरच्या शब्दांत जेवढा अर्थ असतो त्याहून खोल छटा त्यांत माणसाच्या आवाजाने उतरतात. मग त्यांनी स्वतः मोठ्याने वाचून दाखवले आणि पुस्तके देऊन तिलाही मोठ्याने वाचायला सांगितले. ‘तुझ्यावर काय बेतले ते सांग’ असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. तुम्ही आजवर हे पुस्तक मनातल्या मनात, आणि तेही मराठी अर्थ समासात लिहीत वाचलेले आहे. ते सोळावे प्रकरण, कलिनन बाईंचे, आता मोठ्याने वाचा. उच्चार चुकतील, चुकू द्या. नंतर त्यातली दोन पाने तुमच्या मराठीत करून भिशीत वाचून दाखवा, आणि ज्या मैत्रिणीने तुम्हाला अडवले तिला सर्वांत जवळ बसवा. मागच्या वेळी तुम्ही तिला तुमचे रडणे सांगितले होते. या वेळी मजकूर ऐकवा. मजकूर समोर असला की दोघींनाही त्याच्याविषयी बोलता येते. नुसत्या रडण्याविषयी बोलायचे झाले तर एकीला बचाव करावा लागतो आणि दुसरीला निवाडा.

लिहिण्याविषयी विचारलेत. अँजेलो यांना हे पुस्तक लिहायचेच नव्हते. ४ एप्रिल १९६८ ला, त्यांच्या चाळिसाव्या वाढदिवशी, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतरच्या खचलेल्या दिवसांत जेम्स बॉल्डविन या लेखक-मित्राच्या संगतीने एका घरी गप्पा झाल्या, त्यांची कीर्ती रॉबर्ट लूमिस या संपादकांपर्यंत पोहोचली आणि त्यांनी आत्मचरित्राचा आग्रह धरला. अँजेलो नकार देत राहिल्या. शेवटी लूमिस म्हणाले की बरे झाले, कारण साहित्य म्हणून टिकेल असे आत्मचरित्र लिहिणे जवळजवळ अशक्यच असते; आणि त्या लगेच तयार झाल्या. पुस्तक १९६९ मध्ये आले. तेव्हा त्यांचे वय तुमच्याहून फक्त पाचेक वर्षांनी कमी होते. पुढे लिहिण्यासाठी त्या हॉटेलची एक खोली भाड्याने घेत, भिंतीवरची चित्रे काढून ठेवायला लावत, आणि पिवळे कागद, बायबल, शब्दकोश, पत्त्यांचा जोड एवढेच जवळ बाळगत. शेरीची बाटलीही असे, ती आपण सोडून देऊ. तुम्हाला हॉटेलची गरज नाही. पाऊण तास तुमच्याकडे आहे आणि वाचन आता संपलेले आहे, म्हणजे वेळही मोकळा झाला आहे.

सुरुवात तांदळाच्या ताटापासून करा. ‘माझ्यावर अन्याय झाला’ या वाक्याने मात्र करू नका; ते वाक्य वाचकाला म्हणू द्या. ताट पितळेचे होते की स्टीलचे, अंगठी कुणाची होती, अक्षरे कुणी काढली, नवे नाव वाचून कोण हसले, आई त्या वेळी कुठे उभी होती, तिच्या चेहऱ्याकडे तुम्ही पाहिले का. आणि एक युक्ती अँजेलो यांच्याकडून उसनी घ्या. दात दुखणाऱ्या मार्गरीटला घेऊन आजी गावातल्या गोऱ्या दंतवैद्याकडे जाते. त्याला तिने एकेकाळी अडीनडीला पैसे दिलेले असतात, तरी तो म्हणतो की काळ्यांच्या तोंडात हात घालण्यापेक्षा मी कुत्र्याच्या तोंडात घालीन. आजी नातीला बाहेर पाठवते आणि एकटी आत जाते. आत काय झाले ते मुलगी आधी आपल्या कल्पनेने रंगवते : आजी एकाएकी उंच होते, शुद्ध भाषेत त्याला झाडते आणि गावातून हाकलून लावते. नंतर आजी घरी खरी हकिगत सांगते, ती एवढीच, की तिने त्याच्याकडून जुन्या कर्जावरचे दहा डॉलर व्याज वसूल केले. त्या पैशांतून बसने टेक्सर्कानाला जाऊन काळ्या दंतवैद्याकडे उपचार झाले. लेखिकेने दोन्ही हकिगती शेजारी शेजारी ठेवल्या आहेत आणि आपल्याला स्वतःचीच जास्त आवडते असे मोकळेपणाने सांगितले आहे. तुम्हीही तसेच करा. मांडवात तुम्ही काय म्हणाला असता ते एका पानावर लिहा, आणि प्रत्यक्षात काय म्हणालात, म्हणजे काहीच नाही, ते दुसऱ्या पानावर.

लिहिलेले घरात कुणाला दाखवायचे हे तुम्ही ठरवा. फलटणला छोटेसे दुकान चालवणाऱ्या दलित लेखिका बेबीताई कांबळे पुड्या बांधण्यासाठी आलेल्या जुन्या वर्तमानपत्रांतून वाचत, आणि घरच्यांच्या नजरेआड लिहिलेले कागद त्यांनी सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले होते. ते १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. केज्ड बर्डनंतर हेच पुस्तक वाचा, आणि ते मराठीत असल्यामुळे समासात लिहायला जागा वेगळ्या कारणासाठी लागेल. स्टॅम्प्सच्या आजीच्या दुकानातून निघून फलटणच्या दुकानात पोहोचल्यावर तुम्हाला कुणी ‘कुठली ती आणि कुठली तू’ म्हणू शकणार नाही. तिथल्या गोष्टीत तुमच्या-माझ्या घरांचा पत्ता आहे.

राहिला तुमच्या नावाचा प्रश्न. हसे होईल का, असे विचारता. काही जण हसतील. लग्नानंतर नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नव्हती आणि नाही. बदललेले नाव अधिकृतपणे परत घ्यायचे असेल तर प्रतिज्ञापत्र आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी, आणि त्यानंतर आधार, पॅन, बँक, नोकरीची नोंद अशी पायपीट असते. पतसंस्थेत काम करत असल्याने एका नावासाठी किती कागद हलतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पण मला वाटते की तुम्हाला कागदापेक्षा हाक हवी आहे. तिला राजपत्र लागत नाही. यजमानांना सांगा, आणि ते पुन्हा हसले तर उद्यापासून त्यांना तुम्ही दुसऱ्याच एखाद्या नावाने हाक मारा, मी सांगते, चार दिवसांत विषय गंभीर होईल. मार्गरीटने बेलीच्या सल्ल्याने कलिनन बाईंची आवडती, त्यांच्या आईकडून आलेली भांडी फोडली होती. तेवढे करायची गरज पडू नये. शिवाय एवढे करूनही, मेरीने फोडले का, असे मैत्रिणी विचारत असताना, रडत ओरडणाऱ्या बाईंच्या तोंडून जे नाव बाहेर पडले ते ‘मार्गारेट’ होते, मार्गरीट नव्हे. फोडाफोडीतून नाव अर्धेच परत मिळते.

आणि ‘माया’ हे नाव आपल्या मायेतून आलेले नाही, हेही जाता जाता सांगते, कारण अनेक मराठी वाचकांची तशी गोड समजूत असते. लहानगा बेली बहिणीला ‘माय सिस्टर’ म्हणू पाहत असताना जे शब्द तोंडातून निघत त्यातून ते उरले. ‘अँजेलो’ हे पहिल्या नवऱ्याच्या आडनावात फेरफार करून, सान फ्रान्सिस्कोच्या रंगमंचावर गायला उभे राहताना त्यांनी घेतले. भावाच्या बोबड्या हाकेचा अर्धा भाग आणि मोडलेल्या लग्नातला अर्धा भाग, अशा नावाने त्या जगभर ओळखल्या गेल्या. तेव्हा जुने नाव पूर्णपणे परत घ्यायचे की दोन्ही वापरायची, हेही तुमच्याच हातात आहे. मुलीने तुम्हाला जन्मल्यापासून नव्या नावानेच कागदोपत्री पाहिले आहे. ते पुसले जाण्याचे तिला वाईट वाटले तर तिच्यावर रागावू नका.

सुटीला ती आली की पुस्तक परत मागेल. द्या, ते तिचे आहे. मात्र समासातले पेन्सिलीचे अर्थ खोडू नका. पहिल्या पानावर तिने स्वतःचे नाव घातलेले असेल. त्याच्याखाली तारीख टाकून तुमचेही घाला, जे हाताला येईल ते.